लहान मुलांना खेळातून आकार कसे शिकवावेत? पालकांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या पंधरवड्यात आमच्या नागपुरातल्या बालवाडीच्या दाराशी आई-बाबांपेक्षा आजी-आबांचीच गर्दी जास्त असते. लेकराला सोडता सोडता जे विचारलं जातं, ते दरवर्षी जवळपास तेच असतं. त्यातले आकारांविषयीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मूल दीड ते सहा वर्षांचं आहे असं धरलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही, पण उलट्या त्रिकोणाचा प्रश्न तेवढा चुकवू नका.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

ती घरात आधीच झालेली असते. दीड वर्षाचं मूल ओट्याखालचे स्टीलचे डबे बाहेर काढतं, झाकण ठेवून बघतं, नाही बसलं की दुसरं उचलतं. आकार जुळवणं ते हेच. दोन-अडीच वर्षांचं मूल गोल तुकडा गोल खाचेत बसवतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल आणि चौकोन नावाने कळू लागतात, मग त्रिकोण. चार-पाचच्या दरम्यान आयत, लंबगोल, चांदणी, चंद्रकोर.

काढता येणं मात्र बरंच मागून येतं. बघून गोल काढणं साधारण तीन वर्षांच्या मुलाला जमतं, अधिकची खूण चारच्या सुमारास, चौकोन साडेचारच्या आणि त्रिकोण पाचच्या. शंकरपाळीच्या आकारातल्या चारही रेषा तिरप्या असतात, म्हणून तो सहा-सात वर्षांपर्यंत हुलकावणी देतो. 'ओळखतो, पण काढता येत नाही' असं सांगत पालक काळजीने येतात. त्यात काळजीचं काही नाही, क्रमच तसा आहे. शेजारच्या मुलीला दोन महिने आधी आलं असेल तर येऊ द्या.

जुळवणं, ओळखणं आणि नाव सांगणं एकच ना?

नाही. आधी मूल दोन सारख्या वस्तू शेजारी-शेजारी ठेवतं. त्यासाठी त्याला नावाची गरज पडत नाही. मग 'गोल कुठे आहे?' म्हटल्यावर बोट दाखवतं. सगळ्यात शेवटी 'हे काय आहे?' याचं उत्तर देतं. घरी बहुतेक वेळा उलटीकडून सुरुवात होते. पाहुणे आले की 'सांग बरं काकूंना, हे काय?' आणि लेकरू गप्प. त्याला काहीच येत नाही असं काकूंना वाटतं. खरं तर आपण सगळ्यात अवघड पायरी आधी विचारलेली असते.

मॉन्टेसरी पद्धतीत यासाठी तीन टप्प्यांचा पाठ असतो. मुळात तो एदुआर सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचा. 'हा त्रिकोण' असं म्हणून वस्तू हातात द्यायची, नंतर 'मला त्रिकोण दे' म्हणायचं, आणि शेवटी 'हा कोणता?' विचारायचं. तिसरा टप्पा त्याच दिवशी यायला हवा असं नाही. मधल्या टप्प्यावर मनसोक्त रेंगाळा: त्रिकोण आजीला दे, त्रिकोण उशीखाली लपव, त्रिकोण डोक्यावर ठेवून चालून दाखव.

एका वेळी किती आकार?

दोन. तेही एकमेकांपासून अगदी वेगळे, म्हणजे गोल आणि चौकोन. चौरस-आयत किंवा गोल-लंबगोल अशा जोड्या सुरुवातीला नकोत. पहिले दोन न अडखळता वेगळे करता आले की तिसरा आणा.

लाकडी कोडी, ठोकळे, आकारांचा डबा... काय विकत घ्यावं?

घेतलंच पाहिजे असं काहीही नाही. घ्यायचंच असेल तर खाचांचा एक लाकडी बोर्ड घ्या. त्याच्या तुकड्यांना चिमटीत धरता येईल अशी खुंटी हवी आणि शक्यतो सगळे तुकडे एकाच रंगाचे हवेत. रंगाचं कारण पुढे येईलच.

शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा त्याची साधनं होती चेंडू, घन आणि लाकडी वृत्तचिती (गोल डब्यासारखा उभट आकार). मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडलं आणि मोजूनमापून बनवलेले खुंट्यांचे ठोकळे मुलांच्या हाती दिले. हे सगळं आपल्याकडे आलं तेव्हा ते गरीब घरांना परवडणारं नव्हतं. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे बोर्डी व कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी आजूबाजूला फुकट मिळणाऱ्या वस्तूंमधून शिकवण्याचा रस्ता पक्का केला: बिया, पानं, शिंपले, गोटे, मातीचे मणी. पैशांचा प्रश्न आपल्या मराठी बालशिक्षणाने तेव्हाच सोडवलेला आहे. तरी दर जूनमध्ये कुणीतरी दीड-दोन हजारांच्या परदेशी संचाचा फोटो दाखवून 'हा घेऊ का ताई?' विचारतंच. तुमची हौस असेल तर घ्या, मुलाची गरज म्हणून नको.

मे महिन्यात बाहेर जाता येत नाही. घरात काय खेळावं?

पारा पंचेचाळिशीला टेकला की अकरा ते पाच कूलरसमोरच काढायचे असतात. आमच्याकडे चालणारे काही खेळ सांगते.

झाकणांपासून सुरुवात करा. सहा-सात डबे उघडून ठेवा, झाकणं वेगळी करून ढीग घाला. गोल डबे लहान-मोठ्या मापांचे असू द्या, आणि त्यात एखादा चौकोनी टिफिन, एखादी लांबट डबी मिसळा. पुढे तुम्ही फक्त बसायचं. मूल चौकोनी झाकण गोल डब्यावर दाबत राहील, तुमचा हात शिवशिवेल. लावून देऊ नका. झाकण बसत नाही हे डबाच त्याला सांगतो आणि तोही न रागावता.

दुसरा खेळ पिशवीचा, माझा सगळ्यात आवडता. कापडी पिशवीत वाटी, रिकामी काडेपेटी, बांगडी, मोठं खोडरबर, लाकडी ठोकळा टाका. तशाच वस्तूंचा दुसरा संच बाहेर मांडा. बाहेरची एक वस्तू दाखवायची आणि मुलाने न बघता पिशवीत हात घालून तिची जोडी काढायची. डोळा एका नजरेत सगळं बघून मोकळा होतो. बोटाला मात्र कडेकडेने जावं लागतं आणि कोपरा आला की ते अडतं. बाजू म्हणजे काय आणि कोपरा म्हणजे काय, हे मुलांना चित्रापेक्षा या पिशवीत लवकर कळतं. तीन वर्षांच्या मुलाला दोनच वस्तू द्या. पाच वर्षांच्याला चौरस आणि आयत ठोकळे एकत्र दिलेत तरी चालेल.

अंगात फार किडे वळवळत असतील तर फरशीवर खडूने मोठे आकार काढा आणि थाळी वाजवा. थाळी थांबली की 'त्रिकोणात!' आणि सगळ्यांनी उडी मारायची. त्यात आबांनाही घ्या. नंतर 'त्रिकोणाच्या काठावरून चाला' म्हणा. तीन ठिकाणी वळावं लागतं हे पायांना समजतं.

स्वयंपाकघरात पोळ्या चालू असतील तर लिंबाएवढा उंडा हातात द्या. वाटीने गोल पाडता येतात. पोळी लाटून तिच्यावर आधी उभ्या-आडव्या रेषा मारा, चौकोन मिळतात. आडव्या रेषा थोड्या तिरप्या केल्या की शंकरपाळ्या. एवढ्याशा बदलाने आकार कसा पालटला, हे बघून मोठ्या मुलांचे डोळे चमकतात. भेंडीचा बुडखा रंगात बुडवून ठसे उठवले की पाच कोपऱ्यांचं फूल मिळतं, कांद्याच्या चकतीतून गोलात गोल.

दिवे गेले तर (जातातच) टॉर्च लावून भिंतीवर स्टीलच्या पेल्याची सावली पाडा. समोरून धरला तर गोल, आडवा धरला तर लांबट चौकोन. हे पाच वर्षांच्या पुढच्यांसाठी. लहानग्यांना सावलीचीच गंमत पुरते.

आमची मुलगी आकार न बघता रंगच जुळवते. चुकतंय का?

तिचं बरोबर आहे, साहित्य चुकलंय. लाल गोल, निळा चौकोन, पिवळा त्रिकोण असा संच दिला की रंग बघूनही उत्तर येतं, मग आकार कोण बघणार? जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूतून एकाच रंगाचे आकार कापा. ते जमलं की उलटा डाव टाका: प्रत्येक आकार तीन-चार रंगांत आणि लहान-मोठा. 'सगळे गोल एका ताटात' म्हटल्यावर तिने लाल-निळा, छोटा-मोठा हा भेद सोडून दिला, तर आकार कळला असं समजा.

त्रिकोण सरळ असला की ओळखतो, उलटा केला की 'नाही' म्हणतो. असं का?

कारण त्याला त्रिकोणाचं एक चित्र पाठ झालंय. बाजारातले बहुतेक तक्ते बघा: खाली सपाट बाजू, वर टोक, तिन्ही बाजू सारख्या. वर्षभर तेच बघितल्यावर टोक खाली गेलं की मुलाच्या दृष्टीने तो त्रिकोण उरत नाही. पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या डच शिक्षक जोडप्याने १९५७ मध्ये भूमितीच्या समजेचे टप्पे मांडले. त्यातल्या पहिल्या टप्प्यावर मूल आकार अख्खा, एकत्रित बघतं. 'दारासारखा दिसतो म्हणून आयत.' बाजू आणि कोपरे तपासण्याचा टप्पा त्यानंतरचा. तिथे नेण्यासाठी मोठ्यांनी एकच पथ्य पाळायचं: पहिल्या दिवसापासून आकार तऱ्हेतऱ्हेचे दाखवायचे. लांबुडका त्रिकोण, पसरट त्रिकोण, एका बाजूला कललेला, टोकावर उभा.

नागपूरकरांना यासाठी संक्रांतीसारखा मुहूर्त नाही. पतंग हा टोकावर उभा केलेला चौकोनच. नवा पतंग जमिनीवर बाजू सरळ करून ठेवा, विचारा 'हा कोणता?' मग मुलाच्याच हाताने तो हळूहळू फिरवा आणि कुठे थांबल्यावर त्याला तो 'दुसरा' वाटायला लागतो ते बघा. तिथेच थांबून कोपरे मोजायला सांगा. पुन्हा फिरवा. फिरवल्याने काही बदललं नाही, हे त्याचं त्याला कळायला हवं. तुम्ही शंभरदा सांगून उपयोग नाही. चक्री आणि मांजा मात्र मोठ्यांच्याच हातात.

रस्त्यावरही हाच धडा सापडतो. पुढे वळण आहे, शाळा आहे अशी सूचना देणाऱ्या पाटीच्या त्रिकोणाचं टोक वर असतं आणि 'वाट द्या' या पाटीचं खाली. गाडीत मागे बसलेल्या मुलाला दोन्ही शोधायला लावा.

आणखी एक गोष्ट राहून जाते. त्रिकोण नसलेलेही दाखवा. तीन रेषा आहेत पण एक कोपरा उघडा राहिलाय, किंवा एक बाजू फुगलीय. 'हा का नाही?' याचं उत्तर शोधताना मूल पहिल्यांदा नियमाचा विचार करतं.

मग घडीची पोळी त्रिकोण म्हणायची की नाही?

अडीच वर्षांच्या मुलाजवळ खुशाल म्हणा. साडेचार वर्षांच्या मुलाबरोबर मात्र ताटावरच पंचाईत भरवा. दोन बाजू सरळ आहेत, तिसरी वळलेली. कोपरे तीन आहेत. मग? 'त्रिकोणासारखी, पण त्रिकोण नाही' इथवर मूल स्वतः आलं तर उत्तम. समोशाचंही तेच, त्याच्या तर सगळ्याच बाजू फुगलेल्या. आजी म्हणतील, 'काऊन रे बाप्पा, लेकराला सुखानं जेवू द्या.' आजींचंही खरं आहे. रोज नको, आठवड्यातून एखादेवेळी.

चौरस हाही आयतच असतो, हे आत्ताच सांगावं का?

सांगू नका, पण उलटही शिकवू नका. 'आयत म्हणजे दोन बाजू लांब, दोन आखूड' असं एकदा डोक्यात बसलं की पुढच्या इयत्तांत ते खरवडून काढावं लागतं. त्यापेक्षा 'चार बाजू आणि चारही कोपरे वहीच्या कोपऱ्यासारखे' म्हणा. चौरसात शिवाय चारही बाजू सारख्या, एवढं पुरे.

चेंडूही गोल आणि पापडही गोल, असं म्हणतो. दुरुस्त करावं?

आपणही तसंच म्हणतो, त्याला कशाला टोकायचं! फरक हाताने कळू द्या. पाट एका बाजूने उचलून उतार करा आणि घरातल्या वस्तू सोडून बघा. चेंडू कुठल्याही बाजूला घरंगळतो. पावडरचा डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर घसरतो किंवा जागेवर बसून राहतो. काडेपेटी नुसती घसरते. वृत्तचिती, इष्टिकाचिती ही नावं शाळेच्या पुस्तकात यथावकाश येतील.

नावं मराठीत शिकवावीत की इंग्रजीत?

घरात जी भाषा बोलता तीत. केजीत 'सर्कल' आणि 'ट्रँगल' ऐकलं की मूल ते नाव आपोआप त्याच वस्तूला चिकटवतं. फक्त एकाच वाक्यात दोन्ही नावं घुसडू नका.

मोबाईलवर आकारांचे खेळ असतात. चालतील?

बोटाने सरकवलेला त्रिकोण जड नसतो, टोचत नाही आणि चुकीच्या खाचेत अडतही नाही. बऱ्याच खेळांत जवळ नेला की तो आपणच जाऊन बसतो. म्हणजे जुळवण्याचं काम मोबाईल करतो आणि टाळ्या मुलाला मिळतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी हीच एका तासाची मर्यादा घातली. तो तास आकारांवर खर्च करावा असं मला वाटत नाही.

नागपुरात फिरताना काय दाखवता येईल?

दीक्षाभूमीचा घुमट. लांब उभं राहून मुलाला हातांनी त्याचा आकार हवेत काढायला सांगा. घरी आल्यावर संत्रं मधोमध कापून अर्धं ताटलीत पालथं ठेवा आणि 'आज असं कुठे पाहिलं?' एवढंच विचारा. संत्र्यासारखं आकारांचं दुसरं फळ नाही. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या पुढेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे वर्षातून दोनदा साहित्य दारात. आडवं कापलं तर गोलात चाकाच्या आऱ्या, सोललं तर फोडींच्या चंद्रकोरी. फोडी पुन्हा जोडून अख्खं संत्रं करायचं कोडं मोठ्यांनाही सहज सुटत नाही, करून बघा.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल सजवण्याआधी तासभर मुलाच्या ताब्यात द्या. चाकं गोल, पाट लांबट चौकोनी, शिंगं कशासारखी? झूल कापताना कागदावर बैल ठेवून माप मुलालाच घ्यायला लावा. गोकुळपेठेच्या भाजीबाजारात 'आज गोल भाज्या तू निवड' म्हटलं की टोमॅटो, लिंबू, कांदे पिशवीत पडतात आणि ढेमसं गोल की चपटं यावर भाजीवाल्या काकांशी चर्चा होते. गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नये.

चुकलं तर काय म्हणायचं?

हातात जे आहे त्याचं नाव सांगा. 'हा चौकोन आहे, हे बघ चार कोपरे. आता गोल शोधू या?' नाही, चूक, असं कसं रे, हे शब्द गाळा.

'आमचा पोट्टा एका जागी बसतच नाही.'

बसवू नका. वर थाळीचा खेळ दिला आहे.

तो ३ आणि ६ उलटे लिहितो. आकार नीट कळले नाहीत म्हणून का?

उलट, आकार कळल्याचाच हा परिणाम आहे. पेला उजवीकडे वळवा की डावीकडे, तो पेलाच राहतो. त्रिकोण कसाही फिरवा, त्रिकोणच. हे आपण दोन वर्षं शिकवलं. मग एकाएकी अंक येतात आणि तिथे तोंड कुठल्या बाजूला आहे यावर सगळं ठरतं. ३ ची आरशातली प्रतिमा जवळपास ६ सारखी दिसते. इंग्रजी बाराखडीतल्या बी आणि डी या छोट्या अक्षरांचंही तसंच. सहा-सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट बहुतेक मुलांची होते. वाळूत किंवा रव्याच्या ताटात बोटाने मोठा ३ गिरवायला द्या आणि सुरुवात कुठून करायची ती जागा ठिपक्याने दाखवा. पानभर लिहून घेऊ नका.

वर्कशीट द्यावी का?

पाच वर्षांनंतर, अधूनमधून, मुलाने मागितली तर.

खेळताना काय सांभाळावं?

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या गोल नळीतून आत जाईल अशी कुठलीही वस्तू देऊ नये. घशात अडकण्याचा धोका असतो. म्हणून चिंचोके, शेंगदाणे, कंचे, बटणं, मणी नकोत. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि छोटे लोहचुंबक पोटात गेले तर ते फारच घातक, त्यामुळे अशी खेळणी मोठ्या भावंडांकडे असली तरी उचलून ठेवा. विकत घेतलेल्या खेळण्यावर आयएसआयची खूण बघा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

चार वर्षं होत आली तरी दोन अगदी सारख्या वस्तू शेजारी ठेवता येत नसतील, आधी जमत असलेलं आता जमेनासं झालं असेल, मूल वस्तू डोळ्यांच्या फार जवळ नेत असेल, मान वाकडी करून बघत असेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. कितीदा तरी अडचण चष्म्याची निघते. मूल अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि तपासणी मोफत असते. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. घरी जे दिसलं ते चार ओळींत लिहून सोबत न्या, कारण पथकासमोर तीन मिनिटांत मूल काहीच करून दाखवत नाही.